खाऱ्या दाण्यांची पुडी

पिशवीतून चार्जर काढताना भाचीच्या हाताला पुडी लागली. पुण्याहून येताना गाडीत घेतलेले खारे दाणे, निम्मे उरलेले. तिनं पुडी सोफ्यासमोरच्या टेबलावर टाकली आणि हातपाय धुवायला गेली. परत आली तर पुडी गायब. मामी त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. पुडी उचलून त्यांनी शेजारच्या पोराच्या हातावर ठेवली होती आणि त्या परत भाकरी थापायला बसल्या होत्या.

मिरजेच्या या घरात एकोणीस वर्षांत खारा दाणा आलेला नाही. भाजलेल्या शेंगा चालतात, उकडलेल्या चालतात, दाण्याचं कूट तर रोजच्या भाजीत पडतं. पण खारा दाणा म्हणजे चकणा, आणि चकणा आला की त्याच्या शेजारी काय असायचं हे मामांच्या जिभेला अजून पाठ आहे. हा नियम मामींनी केला, मामांनी पाळला. त्यावर चर्चा अशी कधीच झाली नव्हती.

त्या संध्याकाळी झाली. मामा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. दारू सोडून एकोणीस वर्षं आणि काही महिने. आठवड्यातून तीन दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जाणारे. भाची मानसशास्त्र शिकलेली, पुण्यात एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक. म्हणजे दोघं एकाच धंद्यातली. ती शिकून आली, हे मार खाऊन.

“मामा, मामींनी जे केलं ना, त्यावर आमच्या पुस्तकात अख्खा धडा आहे,” ती म्हणाली. “पाव्हलॉवचा कुत्रा. घंटा वाजली की लाळ.”

“म्हणजे मी कुत्रा.”

“तुमची लाळ.”

मामा हसले. कनवटीची डबी काढून त्यांनी डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, नखानं चुन्याचा ठिपका ठेवला आणि अंगठा चालू केला. दारू सुटली, ही सुटली नाही. त्यावर भाची पुढं बोलणारच होती, पण आधी मामांनी आपली बाजू मांडली.

“हे बघ, तुझं पुस्तक मोठंच असणार. पण मला विचारशील तर हा आजार आहे. शरीरात काहीतरी उलटं बसलेलं आहे. कारणं शोधायला लागला की समजायचं, गडी परत पिणार. मी पाऊस आला म्हणून प्यालोय आणि आला नाही म्हणूनपण प्यालोय. बदली झाली म्हणून, मग बदली रद्द झाली म्हणून. पिणाऱ्याला कारणांचा तोटा कधीच नसतो.”

“ती सबब झाली, मामा. मी कारण म्हणतेय.”

“दोन्ही एकाच बाटलीतून निघतात.”

भाची गप्प बसली, पण थोडाच वेळ. तिच्या डोक्यात एक कारण लहानपणापासून पक्कं बसलेलं होतं. मामांचा पहिला मुलगा अकरा महिन्यांचा होऊन गेला. त्यानंतर मामा प्यायला लागले. आजोळी ही गोष्ट तिनं आईकडून ऐकली, मावशीकडून ऐकली, लग्नाकार्यात दबक्या आवाजात ऐकली. मानसशास्त्राकडं ती वळली त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता तिनं ते हळूच काढलं. “बाळ गेलं नसतं तर...”

“बाळ जायच्या आधी चार वर्षं मी पीत होतो,” मामा म्हणाले.

अंगठा थांबला नव्हता. आतून भाकरीचा आवाज मात्र थांबला. मामी दारात आल्या. “लग्नातच कळलं होतं मला,” त्या म्हणाल्या. “वरातीत. पण पोरगं गेल्यावर लोकांना बरं पडलं. यांनाही बरं पडलं. मग मीपण तेच सांगायला लागले.”

घराघरात असं होतं. व्यसनाची हकीकत नेहमी मागून पुढं सांगितली जाते. आधी शेवट ठरतो, मग त्याला शोभेल अशी सुरुवात शोधली जाते. कुटुंब खोटं बोलतं असं नाही. न कळणाऱ्या गोष्टीपेक्षा दुःखद गोष्ट सोसायला सोपी जाते.

भाचीजवळ या दुःखाला शास्त्रीय नाव होतं. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खांत्झियान यांनी १९८५ मध्ये मांडलेलं गृहीतक: माणूस नशेच्या मागं मजेसाठी लागत नाही, तो स्वतःवर औषधोपचार करत असतो. ज्याला राग आवरत नाही तो अफूच्या जातीच्या पदार्थांकडं जातो, ज्याला आतून रितं वाटतं तो कोकेनकडं. पदार्थाची निवड बघा, दुखणं कळेल. केंद्रात येणाऱ्या पोरांना बघताना तिला हे जागोजाग पटतं. मालेगावात ज्या अल्प्राझोलामच्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, ती मुळात भीती-घबराटीवरची गोळी आहे, हा तिच्या मते योगायोग नाही.

“एक पोरगा आहे आमच्याकडं. नाव-गाव सांगत नाही. सतरा वर्षांचा. बाप रोज रात्री पट्टा काढायचा. पहिल्यांदा गर्द ओढली तेव्हा कसं वाटलं, विचारलं त्याला. मला वाटलं सांगेल, तरंगलो, उडालो. तो म्हणाला, रात्रभर झोप लागली. त्याला तुम्ही काय सांगणार, मामा? शरीरात उलटं बसलंय?”

मामा लगेच बोलले नाहीत. “त्याला मी काही सांगणार नाही. त्याला आधी झोपू देईन,” ते म्हणाले. आणि मग, “पण माझं ते नव्हतं. मला झोप चांगली लागायची.”

वादात समोरच्यानं आपल्या मुद्द्याचा अर्धा भाग काढून नेला की उरलेला अर्धा सांभाळणं अवघड जातं. भाचीचं तसं झालं. कारण मामांच्या बाजूनंही पुरावा आहे, आणि तो तिला माहीत होता. कॅलिफोर्नियात मार्क शुकिट आणि सॅन्ड्रा ब्राउन यांनी १९८८ मध्ये दारू सोडायला दाखल झालेल्या पुरुषांचं नैराश्य मोजलं. दाखल होताना १०० पैकी ४२ जणांना ते लक्षणीय होतं. चार आठवडे दारू बंद राहिल्यावर उरले ६. मधल्या काळात त्यांचं दुःख कुणी सोडवलं नव्हतं, बायको परत आली नव्हती, कर्ज फिटलं नव्हतं. म्हणजे ज्या उदासीपायी माणूस पितो म्हणून आपण हळहळतो, तिच्यातला मोठा वाटा दारूनंच आणून ठेवलेला असतो. जॉर्ज व्हॅलियंट यांनी बॉस्टनची गरीब वस्तीतली मुलं आणि हार्वर्डचे विद्यार्थी यांना कित्येक दशकं पाठलाग केल्यासारखं पाहिलं आणि १९८३ मध्ये पुस्तक लिहिलं. पिणारा मागं वळून सांगतो तेव्हा बालपण काळंकुट्ट असतं. पण तीच मुलं लहान असताना केलेल्या नोंदी उघडल्या तर पुढं दारुडा होणारा आणि न होणारा यांच्या बालपणात अपेक्षेएवढा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो घरात आधीच कुणी पिणारं होतं का, यात.

“मग सॅन दिएगोचं काय?” भाचीनं स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं. १९९८ चा तो गाजलेला अभ्यास: नऊ हजारांहून जास्त प्रौढांना बालपणीच्या मारहाणीबद्दल, लैंगिक अत्याचाराबद्दल, घरातल्या भांडणांबद्दल, तुरुंगात गेलेल्या नातेवाइकांबद्दल विचारलं. असे चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात दारू आणि ड्रग्जचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पटींनी वाढलेला निघाला.

“विचारलं म्हणजे कधी? मोठं झाल्यावर?”

“हो.”

“आठवून सांगितलं ना सगळ्यांनी?” मामा म्हणाले. “मीपण आठवून पोराचंच सांगत होतो बघ.”

सिग्नल खात्यातल्या माणसाला संशोधनपद्धतीचा हा दोष दोन मिनिटांत सापडावा याचं भाचीला थोडं वैषम्य वाटलं आणि थोडा अभिमान. पण तो पट्टा खाणारा पोरगा आठवून बोलत नव्हता. त्याच्या पाठीवर वळ होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचं एकच एक सूत्र करायला जो जातो तो कुठल्यातरी एका माणसावर अन्याय करतो.

मामांच्या वडिलांचा विषय इथं निघणं साहजिक होतं. ते प्यायचे. त्यांचे भाऊही.

“तुम्हाला चढायची का लवकर?” भाचीनं विचारलं.

“मला? मला मित्र टाकी म्हणायचे. बाकीचे दोन पेगमध्ये आडवे, मी सहानंतर सगळ्यांना घरी पोचवून यायचो.”

हे सांगताना एकोणीस वर्षांनंतरही आवाज किंचित चढला. किती पचवतो यावर आपल्याकडं अजून माणसाची किंमत होते. लग्नाच्या मांडवामागं, ऑफिसच्या पार्टीत, निवडणुकीच्या रात्री. शुकिट यांनी नेमका याच फुशारकीचा माग काढला. दारुड्या बापांच्या विशीतल्या मुलांना प्रयोगशाळेत मोजून दारू पाजली आणि कुणाला किती चढते ते टिपून ठेवलं. साधारण दहा वर्षांनी परत गाठलं. ज्यांना कमी चढली होती त्यांच्यातले ५६ टक्के दारूच्या आहारी गेले होते. ज्यांना चांगली चढली होती त्यांच्यातले १४ टक्के. ज्याला चढत नाही त्याला थांब म्हणून सांगणारं आतलं माणूस झोपलेलं असतं. तो जास्त पितो, जास्त पिणाऱ्यांत बसतो, आणि त्याचं कौतुक होतं.

“म्हणजे मी म्हणत होतो तेच. शरीरातलं,” मामा म्हणाले.

“शरीरातलं, आणि टाकी म्हणणारे मित्र. मित्र कुठं शरीरात होते?”

मामांनी तंबाखूवर थाप मारली. चुन्याची धूळ उडाली आणि भाची शिंकली. तेवढ्या संधीत ती डबीवर आली. १९९४ मध्ये अमेरिकेत जेम्स अँथनी आणि सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला होता: आयुष्यात एकदा तरी चाखणाऱ्यांपैकी पुढं किती जण त्या पदार्थावर अवलंबून राहिले? गांजाचे ९ टक्के. दारूचे १५. कोकेनचे १७. हेरॉइनचे २३. आणि तंबाखूचे ३२.

“तुमची बाटली सोपी होती, मामा. डबी अवघड आहे.”

“म्हणजे गर्द चाखलेल्या चौघांतले तिघं सुटतात?” मामांनी डबीचा उल्लेख सफाईनं टाळला.

“अडकत नाहीत. हो.”

“मग खरा प्रश्न त्या चौथ्याचा.”

चौथ्याचं काय होतं? मामांनी त्याचं वर्णन इतक्या नेमक्या शब्दांत केलं की भाचीनं वही काढली. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना दारूची चव सहन होत नव्हती. सकाळी सहाला देशीच्या दुकानाबाहेर उभं राहायचं, शटर अर्धं वर गेलं की वाकून आत जायचं, नाक दाबून नाइन्टी घशाखाली ढकलायची, निम्मी उलटून पडायची, मग दुसरी. “मजा म्हणतात ती कधीच संपली होती. तरी पाय तिकडंच. मन म्हणायचं नको, पाय म्हणायचे चल.”

मिशिगन विद्यापीठात टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये जे मांडलं ते थोडक्यात हेच. आवडणं आणि हवं असणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेरिजचे उंदीर यासाठी प्रसिद्ध आहेत. ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास नष्ट केलं, ते साखरेच्या दिशेनं पाऊलही टाकत नाहीत, समोर अन्न असून उपाशी मरतील. पण त्यांच्या जिभेवर साखरपाणी सोडलं की इतर उंदरांसारखेच ओठ चाटतात. आवड शाबूत, ओढ गेली. व्यसनात याच्या उलट घडतं: ओढ फुगत जाते आणि आवड मागं सुटते. ‘मजेसाठी पितो’ म्हणून ज्याला घरचे शिव्या देतात, त्याला मजा येणं बंद होऊन कित्येकदा वर्षं लोटलेली असतात.

आणि ओढ हवेत तरंगत नसते. ती जागांना चिकटते, वासांना, शटरच्या आवाजाला, खाऱ्या दाण्यांना.

इथं भाचीचा गड होता. तिनं थेट व्हिएतनाम काढलं. १९७१ साली अमेरिकी सैन्यात हेरॉइन पसरल्याच्या बातम्या आल्या, माल स्वस्त, जवळपास शुद्ध, सिगारेटमध्ये भरून ओढायचा. निक्सन सरकार हादरलं. परतणाऱ्या प्रत्येक शिपायाची लघवी तपासून मगच विमानात बसवायचं ठरलं. सेंट लुईसच्या ली रॉबिन्स यांनी त्या सप्टेंबरात परतलेल्या शिपायांपैकी सुमारे ९०० जणांना घरी जाऊन गाठलं. दर पाचांतला एक तिकडं व्यसनाधीन झालो होतो म्हणाला. सगळ्यांची भीती होती की आता शहराशहरात हजारो गर्दुल्ले उतरणार. तीन वर्षांनी मोजलं तेव्हा, तिकडं व्यसनी झालेल्यांपैकी निम्म्यांनी परत आल्यावर कधी ना कधी हेरॉइन घेतलं होतं, पण पुन्हा व्यसनात अडकले होते फक्त १२ टक्के. बहुतेकांनी कुठलाच उपचार घेतला नव्हता.

“आजार असता तर विमानात बसून बरा झाला असता का, मामा?”

“तो विमानात बसला,” मामा म्हणाले. “माझं घर दुकानापासून चारशे पावलांवर होतं. मला कुठलं विमान?”

हे उत्तर वरवर विनोदी आहे, पण रॉबिन्स यांच्या आकड्यांचा अर्थ तोच लागतो. शिपायाची नशा जंगलात शिकलेली होती. ज्या गल्लीत तो परतला त्या गल्लीतल्या एकाही कोपऱ्यावर तिची खूण नव्हती. याउलट केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात अब्राहम विकलर यांना १९४० च्या दशकात विचित्र दृश्य दिसलं होतं. महिनोन्‌महिने हेरॉइनपासून लांब असलेले रुग्ण गटात बसून जुन्या दिवसांबद्दल बोलायला लागले की त्यांना जांभया यायच्या, नाक गळायला लागायचं, डोळ्यांत पाणी यायचं. आपल्याकडं गर्द ओढणारे ज्याला ‘टर्की’ म्हणतात, तीच. शरीरात पदार्थाचा कण नाही आणि नुसत्या गप्पांनी टर्की. इस्पितळातून बरे होऊन निघालेले हेच लोक आपल्या जुन्या मोहल्ल्यात उतरले की घसरायचे.

कॅनडातल्या शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये या शिक्षणाची धार दाखवली. उंदरांना एका ठरावीक खोलीत हेरॉइनची सवय लावली. मग एक दिवस सगळ्यांना मोठा डोस. ओळखीच्या खोलीत दिला तेव्हा १०० पैकी ३२ मेले. तेवढाच डोस अनोळखी खोलीत दिला तेव्हा ६४. हेरॉइन कधीच न मिळालेल्यांत ९६. ओळखीची खोली दिसताच शरीर आधीच ढाल उचलतं. खोली बदलली की ढाल जागेवरच राहते. रोजच्या मापाएवढंच घेऊन एखादा परक्या गावात मरतो तेव्हा घरचे म्हणतात माल भेसळीचा असेल. असेलही. पण नेहमीच तो नसतो.

(उंदरांचा विषय निघालाच आहे तर: मोठ्या, खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यातल्या उंदरांनी मॉर्फिनचं पाणी नाकारलं, तो ब्रूस अलेक्झांडर यांचा १९७० च्या दशकातला ‘रॅट पार्क’ प्रयोग व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरतो आणि त्याखाली ‘व्यसनाचं खरं औषध प्रेम’ असं लिहिलेलं असतं. तो प्रयोग पुढं इतरांनी करून पाहिला तेव्हा निकाल संमिश्र आले. भाचीनं तो मुद्दाम काढला नाही.)

मामींनी चहा आणला. मामांनी तंबाखू थुंकली, चूळ भरली. मग ते भाचीच्या सगळ्यात नाजूक जागेवर आले, बहुधा नकळत. “तुझं सगळं मान्य. पण एक सांगतो. पहिला घोट गेला की पुढचं हातात राहत नाही. शरीर ओढून घेतं. आमच्यात त्यालाच आजार म्हणतात.”

भाचीला अ‍ॅलन मार्लेट आठवले आणि तिला वाटलं, सांगू नये. पण सांगितलं. १९७३ चा प्रयोग. अट्टल दारुड्यांना वेगवेगळी पेयं चाखून चवीबद्दल मत द्यायला बोलावलं. काहींना सांगितलं, यात व्होडका आहे. काहींना सांगितलं, नुसतं टॉनिक आहे. गंमत अशी की खरं सगळ्यांनाच सांगितलेलं नव्हतं. टॉनिकात मिसळलेल्या व्होडकाचा वास लागत नाही. निकाल लागला तो असा: कोण किती पितो हे ग्लासात काय आहे यावर ठरलं नाही, ग्लासात काय आहे असं सांगितलं यावर ठरलं. नुसतं टॉनिक पिणारे व्होडका समजून भरपूर प्याले. खरी व्होडका पिणारे टॉनिक समजून आवरतं घेत होते.

मामांनी कप खाली ठेवला.

“म्हणजे मी एक घेऊन बघू?”

प्रश्न रागाचा नव्हता, थट्टेचाही नव्हता. मामी पदराला हात पुसत तिथंच उभ्या राहिल्या. खोलीत कुणी हललं नाही. प्रयोगशाळेतलं सत्य आणि मिरजेच्या घरातलं सत्य यांच्यात किती अंतर असतं, ते त्या काही सेकंदांत भाचीला पुस्तकाशिवाय समजलं.

“नाही,” ती म्हणाली. “अजिबात नाही.”

“का? तुझा प्रयोग तर...”

“कारण मार्लेटनीच पुढं सांगितलंय, घसरलेला माणूस बुडतो कशानं. एक पेग झाला की तो स्वतःला म्हणतो, गेलं सगळं, एकोणीस वर्षं पाण्यात, मी मुळातलाच बेकार. आणि मग त्या लाजेवर उतारा म्हणून पुढची बाटली. दारूनं ओढलं का लाजेनं, हे मला माहीत नाही. पण तुम्ही बुडाल.”

“मग आपण एकच बोलतोय.”

“नाही. पण आजच्यापुरतं चालेल.”

‘आजच्यापुरतं’ हा शब्द तिच्या तोंडून सहज गेला आणि दोघंही थबकले, कारण तो मामांचा शब्द होता. मीटिंगमध्ये कुणी जन्मभराची शपथ घेत नाही. आजचा दिवस प्यायचं नाही, एवढंच. उद्याचं उद्या. भाची शिकत असताना तिला हे जरा बाळबोध वाटायचं, भिंतीवर लावायच्या वाक्यासारखं. मग तिच्या वाचनात नॅन्सी पेट्री आणि सहकाऱ्यांचा १९९८ चा अभ्यास आला. अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांना आणि इतरांना एक अर्धवट वाक्य देऊन गोष्ट पुरी करायला सांगितलं: सकाळी उठल्यावर बिल आपल्या भविष्याचा विचार करू लागला... बाकीच्यांच्या गोष्टीतलं भविष्य सरासरी ४.७ वर्षं लांब गेलं. व्यसनी लोकांच्या गोष्टीतलं ९ दिवस.

घरचे त्याला कुठल्या भविष्याच्या नावानं समजावतात? मुलीचं लग्न. निवृत्तीनंतरचं घर. म्हातारपणी कोण बघणार. पुढच्या दहा-वीस वर्षांची भाषा, नऊ दिवसांच्या क्षितिजावर जगणाऱ्या माणसाशी. तो मान हलवतो, डोळ्यांत पाणीही आणतो, ते खोटं नसतं. पण ते सगळं त्याला दिसत असलेल्या मुलखाच्या पलीकडचं असतं. १९३५ साली अ‍ॅक्रनमध्ये एक दिवाळखोर शेअर दलाल आणि एक हात थरथरणारा सर्जन एकमेकांना भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली, तेव्हा असला कुठलाही अभ्यास कुणी केलेला नव्हता. तरी त्यांच्या संघटनेनं शपथ कापून नेमकी चोवीस तासांची केली, व्यसनी माणसाच्या मुठीत मावेल एवढी.

हे ऐकून मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नऊ दिवस जास्त सांगितलेत. माझं दुपारपर्यंतच दिसायचं.”

भाचीनं तेही वहीत लिहून घेतलं. मामांच्या ‘आजार’ या शब्दाला आता ती पूर्वीइतकी नाक मुरडत नव्हती. तिच्या दृष्टीनं तो शास्त्र म्हणून कच्चाच होता. पण माणसाला लाजेतून बाहेर काढायला तो उपयोगी पडत होता, आणि लाज हे पिण्याचं कारण आहे, एवढं तरी तिच्या शास्त्रालाही मान्य आहे. मामांच्या बाजूनं म्हणाल, तर त्यांनी कारण हा शब्द पहिल्यांदा सबबीपासून वेगळा उच्चारला. “त्या पट्टेवाल्या पोराचं कारण शोध,” ते म्हणाले. “माझं नको.” या वाटणीत तथ्य आहे. सुरू का झालं, चालू का राहिलं, सुटल्यावर परत का फिरलं, हे तीन निराळे प्रश्न आहेत आणि घरोघरी तिन्हींना एकच उत्तर पुरवलं जातं. मामांच्या घरी ते उत्तर अकरा महिन्यांचं होतं.

आणि उत्तर शोधायची चैन तरी कितींना मिळते? केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागं एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळाल्याचं दिसलं. मामा त्या ३८ मधले एक. उरलेल्या ३७ जणांबद्दल हा वाद कुणाच्या ओसरीवर होत नाही.

साडेसातला मीटिंग होती. भाची बरोबर निघाली. शाळेच्या ज्या खोलीत ती भरते तिथं स्टँडकडच्या रस्त्यानं गेलं तर सात-आठ मिनिटं लागतात. मामा दारातून बाहेर पडून उजवीकडं वळले, भाजी मंडईच्या मागून, मशिदीवरून, गटाराच्या फरशीवरून.

“हा लांबचा रस्ता आहे ना?” तिनं विचारलं.

“लांबचाच.”

“पण ते दुकान अजून आहे?”

दुकान बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. तिथं आता मोबाइल दुरुस्ती चालते. काचेचं दार, आत पांढरे दिवे. मामांना ते माहीत आहे. मागल्या वर्षी त्यांच्याच फोनची काच फुटली, तेव्हा फोन घेऊन तिथं मामी गेल्या होत्या.